दुसऱ्या उड्डाणाचा दाखला

श्रीहरिकोट्याच्या तळावरून ‘एलव्हीएम-३’ हा आपला सर्वांत बलाढ्य अग्निबाण आकाशात झेपावतो, तेव्हा त्याच्या दोन्ही बगलांना जोडलेले, प्रत्येकी दोनशे टनांहून अधिक घन इंधन पोटात वागविणारे ‘एस-२००’ नावाचे बूस्टर सुमारे सव्वादोन मिनिटांत आपले कार्य संपवून मूळ यानापासून विलग होतात आणि बंगालच्या उपसागरात पडून कायमचे नाहीसे होतात. ३.२ मीटर व्यासाची, मॅरेजिंग नावाच्या अतिशय बळकट पोलादाची त्यांची कवचे पवईच्या लार्सन अँड टुब्रोच्या आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यांत, कुशल कारागिरांच्या हातून, दीर्घकाळ आणि मोठ्या काळजीने घडविली जातात. त्यांच्या मागोमाग प्रज्वलित होणाऱ्या मधल्या टप्प्यात दोन ‘विकास’ इंजिने असतात. ही इंजिने ज्या थोड्या ठिकाणी बनतात, त्यांपैकी एक म्हणजे विक्रोळीचा गोदरेजचा कारखाना. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून पहाटेची लोकल पकडून, ठाण्याला धीमी गाडी बदलून विक्रोळीस उतरणारा जो कामगारवर्ग आहे, त्याला हे नाव अपरिचित असण्याचे कारण नाही. त्या इंजिनांचीही गत तीच. काही मिनिटे चालावयाचे, आणि मग समुद्राच्या तळाशी जावयाचे.

ही उधळपट्टी थांबविता येणार नाही काय, हा प्रश्न आज जगातील प्रत्येक अंतराळसंस्थेसमोर आहे. अमेरिकेतील स्पेसएक्स या कंपनीने २१ डिसेंबर २०१५ रोजी फाल्कन-९ या अग्निबाणाचा पहिला टप्पा उपग्रह पोहोचविण्याच्या कामगिरीवरून परत आणून केप कॅनॅव्हरल येथील जमिनीवर उभा उतरविला, तेव्हापासून या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे हे निर्विवाद ठरले. परंतु ते दृश्य इतके नेत्रदीपक होते की, त्यामुळे सर्वसामान्य वाचकाच्या मनात एक अपुरी समजूत दृढ झाली. बूस्टर उतरला म्हणजे जिंकले, अशी ती समजूत होय. वस्तुतः उतरणे हा या विद्येचा पूर्वार्ध आहे. उतरलेले यंत्र पुन्हा उडविण्यास योग्य आहे असा दाखला विश्वासाने देता येणे हा तिचा उत्तरार्ध, आणि माझ्या मते तोच अधिक कठीण आणि आपल्या या औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम पूर्वार्ध पाहू. अग्निबाणाचे सारेच टप्पे परत आणण्याऐवजी पहिल्याच टप्प्यावर सर्वांचा भर का, याचे कारण ऊर्जेच्या साध्या हिशेबात आहे. पृथ्वीभोवती कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो, तर फाल्कनचा पहिला टप्पा विलग होतो त्या वेळी त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला दोन किलोमीटरच्या आसपास असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, वेगातील हा चौपटीचा फरक ऊर्जेत जवळजवळ पंधरापटीचा होतो. कक्षेतून परत येणाऱ्या यानाने ही सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वातावरणात विसर्जित करावयाची असते, म्हणून त्याला उष्णतारोधक कवचाचे चिलखत लागते. पहिल्या टप्प्याला तेवढे जड चिलखत लागत नाही. शिवाय सर्वांत मोठ्या टाक्या आणि सर्वाधिक इंजिने याच टप्प्यात असल्यामुळे अग्निबाणाच्या किमतीचा मोठा वाटाही त्याच्याच खाती पडतो.

मात्र परत यावयाचे तर परतीचे इंधन बरोबर न्यावे लागते, आणि येथे १९०३ साली रशियन शिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी मांडलेले समीकरण आपला निष्ठुर कर वसूल करते. टप्प्यात परतीसाठी राखून ठेवलेला प्रत्येक टन हा चढताना वाहून न्यावा लागणारा मृतभार असतो. त्यात पाय, सुकाणूचे पंख आणि त्यांना चालविणारी यंत्रणा यांची भर पडते. फाल्कन-९ भूस्थिर कक्षेच्या मार्गावर, टप्पा गमावण्याची तयारी असेल तर ८.३ टन, आणि टप्पा परत आणावयाचा असेल तर ५.५ टन वजन नेतो, असे ती कंपनी सांगते. म्हणजे परतीचे भाडे मालाच्या एकतृतीयांश झाले. उड्डाणस्थळीच परतावयाचे ठरविले तर ते आणखी वाढते, कारण मग पुढे धावणाऱ्या टप्प्याचा वेग मोडून त्याला उलट दिशेने ढकलावे लागते. म्हणूनच जड उपग्रहांच्या वेळी हा टप्पा सरळ पुढे जाऊ देऊन, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर समुद्रात उभ्या केलेल्या तराफ्यावर उतरविण्याची तजवीज करण्यात आली. ८ एप्रिल २०१६ रोजी ती प्रथम यशस्वी झाली.

आता आपल्या ‘एस-२००’कडे वळू. असा बूस्टर आपल्याच अग्नीच्या आधाराने उभा उतरू शकेल काय? याचे उत्तर अंबरनाथच्या जुन्या रहिवाशाला चटकन समजेल, कारण विम्कोच्या काड्यापेट्यांच्या कारखान्याने या गावाचे नाव एके काळी घरोघर पोहोचविले होते. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट हा प्राणवायू पुरविणारा क्षार ज्वालाग्राही द्रव्यांत मिसळलेला असतो. घन इंधनाच्या बूस्टरमध्ये त्याच कुळातील अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची भुकटी रबरासारख्या बंधकात घट्ट बसविलेली असते. दोन्ही ठिकाणी इंधन आणि प्राणवायूचा पुरवठादार एकाच पिंडात नांदत असल्यामुळे, एकदा ठिणगी पडली की जळणे संपेपर्यंत थांबविण्याची सोय राहत नाही. काडी अर्धी जाळून, थोडा वेळ थांबून, तीच पुन्हा ओढता येत नाही. घन बूस्टरचा जोर केव्हा वाढावा आणि केव्हा उतरावा हे इंधनाचा पिंड ओततानाच त्याच्या पोकळीच्या आकाराने कायमचे ठरविले जाते. उड्डाणात त्यात बदल करण्याची मुभा नाही.

हे सांगताना घन इंधनाचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. परदेशांनी हात आखडता घेतलेल्या काळात हे शास्त्र या देशात रुजविणाऱ्यांत पुण्याचे डॉ. वसंतराव गोवारीकर अग्रभागी होते. १९३३ साली जन्मलेले, बर्मिंगहॅम येथे संशोधन करून परतलेले हे रसायनतज्ज्ञ थुंब्याच्या आरंभीच्या साधनहीन दिवसांपासून या कामात शिरले आणि पुढे १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ यांचे विशालकाय घन बूस्टर ज्या इंधनविद्येवर उभे आहेत तिचा पाया त्या पिढीने घातला. स्वस्त, साधा, महिनोन्‌महिने भरून ठेवता येणारा आणि बटण दाबताच प्रचंड रेटा देणारा असा बूस्टर त्या काळी आपल्याला हवा होता, आणि तो मिळाला. परत येणे ही त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती.

उभे उतरावयाचे तर द्रवरूप इंधनाचे इंजिन पाहिजे, आणि त्याने दोन गुण दाखविले पाहिजेत: विझून पुन्हा पेटणे आणि हवा तेवढाच जोर लावणे. ‘विकास’ इंजिन हे फ्रान्सच्या ‘व्हायकिंग’ इंजिनाचे भारतीय रूप. सुमारे ऐंशी टनांचा रेटा देणारे आणि कित्येक दशके आपले अग्निबाण वाहून नेणारे. एकदाच पेटावे आणि इंधन संपेपर्यंत पूर्ण जोराने चालावे, एवढ्याच अपेक्षेने ते घडविले गेले होते. ३० जानेवारी २०२३ रोजी महेंद्रगिरी येथील चाचणीमंचावर त्याचा रेटा ६७ टक्क्यांपर्यंत उतरवून ते ४३ सेकंद चालविण्यात आले. पुढे १७ जानेवारी २०२५ रोजी तेथेच ते ६० सेकंद चालवून विझविले गेले, १२० सेकंद बंद ठेवले आणि पुन्हा पेटवून ७ सेकंद चालविले. वृत्तपत्रांत या सात सेकंदांना फारशी जागा मिळाली नाही, तरी माझ्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे. वास्तविक ‘विकास’मधील दोन्ही द्रवे परस्परांच्या स्पर्शानेच पेट घेतात, त्यामुळे ठिणगीची अडचण नाही. अडचण असते ती तापलेल्या यंत्राची. नुकत्याच विझलेल्या इंजिनाच्या नळ्या, झडपा आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारे पंप तप्त अवस्थेत असतात. थंड इंजिनासाठी ठरविलेला झडपा उघडण्याचा अनुक्रम तप्त इंजिनाला लागू पडेलच असे नाही, आणि त्यात सेकंदाच्या लहानशा अंशाची चूक झाली तरी ज्वलनकक्षात द्रव साचून स्फोट संभवतो.

तरीही या इंजिनांवर आजचा मधला टप्पा उतरविण्याचा बेत कोणी केला, तर एक साधी वजाबाकी आडवी येते. ऐंशी टनांच्या ६७ टक्के म्हणजे त्रेपन्न टनांहून अधिक रेटा. आणि इंधन संपलेला टप्पा त्या मानाने इतका हलका की, एकच इंजिन चालविले तरी तो खाली येण्याऐवजी पुन्हा वर उसळेल. फाल्कनने ही अडचण नऊ लहान इंजिनांचा समूह योजून हलकी केली, कारण नवांपैकी एकच पेटविले की रेटा आपोआप नवव्या हिश्श्यावर येतो. पण तेथेही त्या एका इंजिनाचा किमान रेटा रिकाम्या टप्प्याच्या वजनाहून अधिकच राहिला. याचा अर्थ असा की, हा टप्पा जमिनीवर क्षणभर अधांतरी थांबून, जागा न्याहाळून, मग हळूच पाय टेकवू शकत नाही. त्याचा वेग ज्या क्षणी शून्य होईल त्याच क्षणी त्याचे पाय जमिनीला लागले पाहिजेत. वेग आधी शून्य झाला तर तो वर जाऊ लागेल. उशिरा झाला तर आपटेल.

हा हिशेब किती काटेकोर आहे हे पाहण्यासाठी सोयीचे आकडे घेऊ. समजा, टप्पा सेकंदाला २०० मीटर या स्थिर वेगाने खाली येत आहे आणि इंजिन पेटल्यावर त्याचा वेग दर सेकंदाला २० मीटरने घटतो. थांबावयास त्याला १० सेकंद आणि १,००० मीटर लागतील. आता इंजिन पेटण्यास सेकंदाचा केवळ एकदशांश उशीर झाला असे धरा. तेवढ्यात तो २० मीटर खाली आलेला असेल, आणि जमिनीशी गाठ पडताना त्याचा वेग सेकंदाला अठ्ठावीस मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर उरलेला असेल. अर्थात प्रत्यक्षात संगणक प्रत्येक क्षणी रेट्यात दुरुस्ती करीत असतो आणि थोडी शिल्लक राखूनच इंजिन पेटविले जाते. पण ही शिल्लक फार थोडी असते, कारण तिची किंमत इंधनात मोजावी लागते.

या अंतिम क्षणापूर्वीही कितीएक विघ्ने आहेत. विलग झाल्यावर टप्पा भारहीन अवस्थेत असतो. टाकीतील उरलेले थोडेसे द्रव तळाशी न राहता गोळे होऊन तरंगू लागते, आणि पंपाने द्रवाऐवजी वायू ओढला तर तो तत्काळ निकामी होईल. म्हणून लहान वायुझोतांनी टप्प्याला किंचित पुढे ढकलून द्रव तळाशी बसवावे लागते आणि मगच इंजिन पेटवावे लागते. वातावरणाच्या दाट थरांत शिरण्यापूर्वी इंजिने पेटवून वेग कमी करावा लागतो, नाही तर खालच्या बाजूची इंजिने होरपळतात. माथ्यावरील जाळीदार पंख हवेच्या आधाराने त्याची दिशा सांभाळतात. हे पंख आरंभी ॲल्युमिनियमचे होते आणि उष्णतेने त्यांच्या कडा झिजत, म्हणून २०१७ पासून टायटॅनियमचे बसविण्यात येऊ लागले.

या विद्येचा खरा इतिहास तिच्या अपयशांच्या नोंदीत वाचावा. जानेवारी २०१५ मध्ये पंखांना फिरविणारे तेल मध्येच संपले आणि टप्पा तराफ्यावर तिरका आदळला. एप्रिलमध्ये इंजिनाचा जोर नियंत्रित करणारी एक झडप अपेक्षेपेक्षा सावकाश हलली, आणि टेकलेला टप्पा कलंडला. जानेवारी २०१६ मध्ये उतरणे निर्दोष झाले, परंतु चार पायांपैकी एकाची कडी अडकली नाही; उड्डाणापूर्वीच्या दाट धुक्यामुळे तेथे बर्फ साचल्याचे कारण पुढे आले. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी फाल्कन हेवीचा मधला टप्पा तीन इंजिने पेटवून उतरावयाचा होता. पेट देणारे रसायन पुरेसे न उरल्यामुळे त्यांतील एकच पेटले आणि तो ताशी जवळजवळ पाचशे किलोमीटरच्या वेगाने समुद्रात घुसला. तेल, झडप, कडी आणि पेट देणारे रसायन: यांतील एकही दोष एखाद्या गहन सिद्धान्ताच्या चुकीतून उद्भवलेला नाही. सर्वांचा उगम कारखान्याच्या आणि देखभालीच्या पातळीवर आहे, आणि मला या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत बोधक वाटते.

येथून उत्तरार्ध सुरू होतो. बूस्टर परत मिळविणे आणि त्याचा पुनर्वापर किफायतशीर ठरणे यांत केवढे अंतर आहे, याचा दाखला अमेरिकेच्या स्पेस शटलने १९८१ ते २०११ या तीस वर्षांत आणि १३५ उड्डाणांत घालून दिला आहे. शटलचे दोन घन बूस्टर पॅराशूटच्या साहाय्याने अटलांटिक महासागरात उतरत. ‘लिबर्टी स्टार’ आणि ‘फ्रीडम स्टार’ या नावांची दोन जहाजे त्यांना ओढून किनाऱ्यावर आणीत. तेथे ते सुटे करून, खारे पाणी धुऊन, पोलादी कवचांचे भाग आगगाडीने दूर यूटा राज्यात पाठविले जात, पुन्हा इंधन भरून परत आणले जात. कवचे वाचली, हे खरे. परंतु जहाजे, माणसे, धुलाई, तपासणी, वाहतूक आणि पुनर्भरण यांचा जमाखर्च मांडल्यावर बचत फारशी उरली नाही. पंख असलेल्या मूळ यानाची कथा तर याहून खर्चिक होती. प्रत्येक उड्डाणानंतर त्याच्या हजारो उष्णतारोधक फरशा एकेक करून तपासाव्या लागत.

समुद्राचे पाणी हा यातला मोठा शत्रू. अंबरनाथच्या पूर्वेस शीळ-बदलापूर रस्त्यावर संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. युद्धनौका आणि पाणबुड्या ज्या सागरी वातावरणात वावरतात त्यात धातूंचे क्षरण कसे होते आणि त्यापासून त्यांचे रक्षण कसे करावे, हा तिच्या अभ्यासाचा एक जुना विषय. पाणबुड्यांसाठी तिने सिद्ध केलेले इंधन-घट अलीकडे अधिक प्रसिद्ध आहेत. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला खारे पाणी लागले की त्याच्यावरचा संरक्षक थर ठिकठिकाणी फुटतो आणि तेथे सूक्ष्म खड्डे पडू लागतात. ताणाखालील धातूत अशा खड्ड्यापासूनच भेग सुरू होते. निरनिराळे धातू एकत्र जोडलेले असतील, आणि अग्निबाणात ते असतातच, तर खारे पाणी त्यांच्यामध्ये विद्युत्घट निर्माण करून एकाला झपाट्याने खाऊ लागते. तराफ्यावर कोरडा उतरविलेला टप्पा समुद्रातून ओढून काढलेल्या टप्प्याहून श्रेष्ठ का, हे यावरून ध्यानात येईल.

आणि कोरडा उतरला तरी त्याची खातरजमा कशी करावयाची? अंबरनाथच्या मोरिवली किंवा आनंदनगर येथील औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यांसाठी टाक्या आणि दाबपात्रे बनविणाऱ्या एखाद्या कार्यशाळेत उभे राहिल्यास या प्रश्नाचे प्राथमिक उत्तर डोळ्यांनी पाहावयास मिळते. कामगार वेल्डिंगचा सांधा घासून, द्रावणाने पुसून अगदी स्वच्छ करतो. मग त्यावर तांबडाभडक पातळ रंग मारतो आणि दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ थांबतो. या अवधीत तो रंग केसाहूनही बारीक फटीत आपोआप शिरतो. नंतर वरचा सारा रंग फडक्याने पुसून काढतो, इतका की सांधा पुन्हा निष्कलंक दिसू लागतो. शेवटी पांढऱ्या भुकटीचा पातळ फवारा मारतो. भेग नसेल तर पांढरा थर पांढराच राहतो. असेल तर तिच्यात लपलेला रंग हळूहळू वर ओढला जाऊन त्या पांढऱ्या थरावर एक तांबडी रेघ उमटते. कार्यशाळेत याला ‘डीपी टेस्ट’ म्हणतात. घाईत पुसलेला रंग, ठरल्यापेक्षा कमी थांबलेला कामगार, अस्वच्छ सांधा, यांतील काहीही घडले तरी भेग असूनही रेघ उमटत नाही; म्हणून या साध्या चाचणीतही हाताची सचोटी रसायनाइतकीच महत्त्वाची असते.

ही चाचणी केवळ पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली भेग दाखविते. आतला दोष शोधावयास ध्वनिलहरी किंवा क्ष-किरण लागतात, आणि एकदा उडून आलेल्या इंजिनात आतलेच दोष अधिक संभवतात. ज्वलनकक्षात तीन हजार अंशांच्या घरातील उष्णता आणि द्रव प्राणवायूच्या नळीत उणे १८३ अंशांची थंडी, अशा टोकांमध्ये धातू प्रत्येक उड्डाणात ताणला आणि आकुंचित केला जातो. एका ताणाने न तुटणारा धातू तोच ताण वारंवार दिल्यास थकतो आणि भंगतो. हा थकवा बाहेरून दिसत नाही. फाल्कनच्या मर्लिन इंजिनातील पंप फिरविणाऱ्या चक्रांना सूक्ष्म भेगा आढळल्या होत्या, आणि माणसांना घेऊन उडण्यापूर्वी त्या चक्रांची रचना बदलावी लागली. केरोसीन जळताना नळ्यांत धरणारी काजळी ही आणखी एक कटकट. द्रवरूप मिथेनकडे जगाचा कल वळण्याचे ते एक कारण आहे. ‘विकास’मधील द्रवांची अडचण वेगळी: ती अतिशय विषारी असल्यामुळे, परतलेल्या टप्प्याच्या टाकीत उरलेले थोडे द्रवही तपासनिसाच्या जिवाला घातक ठरू शकते. पुनर्वापर करावयाचा तर इंधनाची निवडच बदलली पाहिजे.

३० मार्च २०१७ रोजी स्पेसएक्सने एकदा उडालेला टप्पा दुसऱ्यांदा उडविला. २०१५ च्या त्या गाजलेल्या उतरण्यापेक्षा हा दिवस मला अधिक थोर वाटतो. त्यानंतर त्या कंपनीचे काही टप्पे तीसहून अधिक वेळा उडाले आहेत, आणि एका टप्प्याने दोन उड्डाणांमधील अंतर नऊ दिवसांवर आणले. हे एकाएकी घडले नाही. परतलेला प्रत्येक टप्पा उघडून, कोठे काय झिजले याची नोंद ठेवून, झिजणारा भाग बदलून, आणि मग हळूहळू कोणती तपासणी अनावश्यक आहे हे पुराव्याने ठरवून ते साधले. ज्याच्या दप्तरात अशी नोंद नाही त्याला तपासणी कमी करण्याचा अधिकार पोहोचत नाही.

आपल्याकडे या दिशेने पावले पडत आहेत. जानेवारी २००७ मध्ये कक्षेत बारा दिवस राहिलेली एक कुपी बंगालच्या उपसागरातून सुखरूप परत मिळविण्यात आली. २३ मे २०१६ रोजी पंख असलेल्या पुनर्वापरयोग्य यानाच्या लहान प्रतिकृतीचे पहिले उड्डाण झाले. त्याच मालिकेतील ‘पुष्पक’ हे यान कर्नाटकातील चित्रदुर्गाजवळच्या धावपट्टीवर साडेचार किलोमीटर उंचीवरून हेलिकॉप्टरमधून सोडून स्वयंचलितपणे उतरविण्याचे तीन प्रयोग एप्रिल २०२३ ते जून २०२४ या अवधीत यशस्वी झाले; अखेरच्या प्रयोगात त्याला मुद्दाम धावपट्टीच्या रेषेपासून ५०० मीटर बाजूला सोडले होते. पुढे १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या प्रक्षेपकाच्या विकासासाठी ८,२४० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याचा पहिला टप्पा पुनर्वापरयोग्य असावयाचा आहे आणि त्याची इंजिने मिथेन व द्रव प्राणवायूवर चालावयाची आहेत. पृथ्वीजवळच्या कक्षेत तीस टनांपर्यंत भार नेण्याची त्याची क्षमता असेल.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. स्पेसएक्सने २०२४ या एका वर्षात फाल्कनची १३० हून अधिक उड्डाणे केली. आपली वर्षाची उड्डाणे हाताच्या बोटांवर मोजता येतात. उड्डाणे थोडी आणि प्रत्येक टप्पा दहा-दहा वेळा वापरावयाचा असे झाले, तर टप्पे घडविणाऱ्या कारखान्यांना वर्षानुवर्षे काम उरणार नाही, आणि काम नसलेल्या कारखान्यातून कौशल्य प्रथम निघून जाते. या शंकेचे निरसन उड्डाणे वाढण्यानेच होईल. पण तोवर कारखान्यांनी करावयाचे काम बदलेल हे निश्चित: नवे घडविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जुने तपासण्याचे काम येईल.

आणि हे काम कोण करणार? फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांनी कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीत बस्तान बसवून उभारलेले उल्हासनगर, आयुधनिर्माणी, यंत्रावजारांचा कारखाना आणि रासायनिक उद्योग यांनी घडविलेले अंबरनाथ आणि त्यांच्या पलीकडे झपाट्याने वाढलेले बदलापूर, येथील तरुण मुले यंत्राच्या सान्निध्यात वाढतात. त्यांपैकी पुष्कळ जण वेल्डिंग, फिटिंग, टर्निंग शिकतात. धातू न तोडता त्याच्या अंतरंगाची परीक्षा करण्याची विद्या शिकणारे त्या मानाने थोडे. येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि कारखानदारांच्या संघटनांनी या विद्येचे अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकांची साधने आणि उमेदवारीच्या जागा यांची तजवीज आताच करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नव्या प्रक्षेपकाची तीन विकास-उड्डाणे पार पाडण्यासाठी सरकारने मंजुरीपासून ९६ महिन्यांची मुदत ठरविली आहे, आणि ती सप्टेंबर २०३२ मध्ये पुरी होते.